बुधवारची गोळी

गेल्या पंधरवड्यात चार जणांनी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मोबाइल पुढे करून एकच मेसेज दाखवला. मजकूर थोडक्यात असा: आमवातावर देतात ती मेथोट्रेक्सेट कॅन्सरची गोळी आहे, उपचारांचे परदेशी नियम गोऱ्यांसाठी, आपल्या अंगाला ते सोसत नाहीत, त्यापेक्षा पुड्या घ्या, दोन दिवसांत फरक.

कॅन्सरचं आधी बघू. हे औषध तिथे वापरतात, खरं आहे. पण तिथला डोस कधी कधी ग्रॅममध्ये जातो, आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. अमेरिकेत आमवातासाठी याला १९८८ मध्येच मंजुरी मिळाली. खरी भीती दुसरीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी उतरतात, जिवावर बेततं. आपल्याकडे गोळी म्हटली की रोजची, बीपीसारखी. नाशिकच्या पंचवटीतल्या एका मावशींना मी तीनदा ‘आठवड्यातून एकदा’ सांगितलं. त्या नुसती मान हलवत होत्या.

‘मावशी, गंगेवर बाजाराला कधी जाता?’

‘बुधवारी. दुसरं कधी?’ (गंगा म्हणजे इथली गोदावरी.)

चिठ्ठीवर वार नव्हता. डॉक्टरांना फोन लावून बुधवार पक्का केला, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिला. ‘बाजार करून आलात की ही. बाजार नाही त्या दिवशी हात लावायचा नाही.’ मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत देतात त्या फॉलिक अॅसिडच्या पाकिटावर शुक्रवार. परदेशी नियम ‘आपल्याकडे आणणं’ म्हणतात ते माझ्या मते हेच. औषध तेच, सांगण्याची तऱ्हा आपली.

‘गोऱ्यांसाठी’ या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. आपल्याकडे टीबीचे जंतू अंगात निपचित पडलेले असणारे लोक पुष्कळ. त्यामुळे बायोलॉजिक इंजेक्शन किंवा टोफासिटिनिब या आमवातावरच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या आधीची टीबीची तपासणी, जी तिकडच्या नियमांतही आहेच, इथे उरकून टाकण्याची बाब नाही. पुढेही खोकला लांबला तर कळवायचं. मेथोट्रेक्सेट चालू असताना करायच्या रक्ततपासणीचंही तसंच. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडे डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंगची (मणी विरळ करणं) कामं लागतात आणि रोजंदारी बुडवून कुणी तपासणीला येत नाही. तारीख पुस्तकाने नव्हे, हंगाम विचारून द्यावी. आणि औषध घेणारी सून सासूबरोबर आलेली असेल तर तिला दोन मिनिटं एकटीला विचारावं. मूल हवं असेल तर ही गोळी काही महिने आधीच बंद करावी लागते, आणि ते ती सासूसमोर बोलणार नाही. युरोपच्या नियमावलीचं पहिलंच तत्त्व सांगतं की उपचार डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवायचे. मग जसंच्या तसं लादा, असं म्हणतंय कोण?

राहिल्या पुड्या. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत बोटं मिटायला लागली तर आत स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यावा. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेची २०२१ची नियमावली तर स्टिरॉइड तीन महिने किंवा जास्त चालवूच नका म्हणते, आणि इथे लोक वर्षानुवर्षं पुड्या खातात, परदेशी औषधाला घाबरून!

पण पुडी एका झटक्यात बंदही करू नका. बरेच दिवस स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर अचानक थांबवल्यावर बीपी कोसळू शकतं. ओझरचे एक काका परवा तशी पुडी घेऊन आले. वर्तमानपत्राचा कागद, ना नाव ना घटक. मी ती फेकली नाही, त्यांच्या फाइलमध्ये रिपोर्टच्या वर पिनने लावून दिली, डॉक्टरांना आधी तीच दिसावी म्हणून.