आयकराची डिमांड आली की गप्प बसू नका

आयकर थकला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. हे सुरुवातीलाच लिहितोय, कारण रिटर्न भरण्याच्या कामात माझ्याकडे येणारी बरीच माणसं मान खाली घालून येतात. घरी सांगितलेलं नसतं. विभागाचा मेल आला की तो न उघडता तसाच ठेवलेला असतो. मग एक दिवस एटीएममधून पैसे निघत नाहीत, बँकेत विचारलं की कळतं खात्यावर वसुलीची नोटीस लागलीय, आणि तेव्हा फोन येतो. तोवर कायद्याने दिलेल्या बहुतेक मुदती उलटून गेलेल्या असतात. लोक भितात त्याबद्दल माझी तक्रार नाही. भीतीपोटी उत्तर देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

खाली दिलेली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. नोटिशीत वेगळा आकडा दिसला तर तेवढ्याने गोंधळू नका.

कलम १५६ ची डिमांड नोटीस, म्हणजे इतका कर भरा अशी विभागाची लेखी मागणी, मिळाली की पैसे भरायला साधारण ३० दिवस असतात. ते संपले की तुम्ही थकबाकीदार ठरता आणि महिन्याला १ टक्का व्याज सुरू होतं. महिन्याचा एक दिवस उलटला तरी अख्खा महिना धरतात. दोन लाखांच्या डिमांडवर वर्षाला २४,००० रुपये नुसतं व्याज. वर कलम २२१ खाली दंड लागू शकतो, आणि तो थकलेल्या कराइतका असू शकतो. पण त्याच कायद्यात कलम २२०(३) आहे. मुदत वाढवून द्या किंवा हप्ते बांधून द्या, असा अर्ज करता येतो. अट एवढीच की तो त्या ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. खरोखर अडचणीत असलेल्या आणि चौकशीत सहकार्य केलेल्या माणसाला व्याजात माफी किंवा सूट मागायची सोयही २२०(२ए) मध्ये आहे. या दोन गोष्टी माहीत असलेला पगारदार माणूस मला क्वचितच भेटतो.

डिमांड बरोबर आहे की नाही हे मात्र आधी तपासा. आयकर विभागाच्या पोर्टलवर थकबाकीला उत्तर द्यायची जागा आहे. तिथे ‘डिमांड बरोबर आहे’ असं एकदा मान्य केलंत की नंतर फिरवता येत नाही, म्हणून घाईघाईत बटण दाबू नका. कित्येकदा पैसे भरलेले असतात, फक्त चलनात चुकीचा प्रकार निवडलेला असतो. डिमांडची रक्कम ४०० या शीर्षाखाली भरायची असते. लोक ती ३०० म्हणजे स्वयंनिर्धारण करात भरतात. पैसे सरकारजमा होतात आणि थकबाकी जशीच्या तशी दिसत राहते. पुढच्या वर्षीचा रिफंड मग कलम २४५ खाली त्यात वळता होतो. त्याआधी विभागाने तुम्हाला कळवायचं असतं, आणि ते कळवणं त्याच न उघडलेल्या मेलमध्ये पडलेलं असतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ एका खाजगी कंपनीत नोकरीला होते. दर महिन्याला पगारातून टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापलेला आयकर, कापला जायचा आणि पगारपत्रकावर तो स्वच्छ दिसायचा. कंपनीने तो सरकारकडे भरलाच नाही आणि पुढे कंपनी बंद पडली. २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या विभागाच्या विवरणपत्रात, रकमेच्या जागी शून्य. रिटर्नमध्ये दाखवलेलं क्रेडिट विभागाने नाकारलं आणि अख्ख्या कराची डिमांड यांच्या नावावर निघाली, वर व्याज. म्हणजे ज्याचे पैसे एकदा कापले गेले, त्याच्याकडेच पुन्हा मागणी. ते मला म्हणाले, “मी कर चुकवला असं आता कागदावर आहे ना?” पन्नाशीच्या माणसाचा आवाज हे विचारताना कापत होता.

तर कायदा याबद्दल स्पष्ट आहे. कलम २०५ सांगतं की पगारातून वा अन्य उत्पन्नातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या कराची मागणी त्या माणसाकडे करायची नाही. वसुली कापणाऱ्याकडून करायची. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ ला अधिकाऱ्यांना तशा लेखी सूचना दिल्या आणि ११ मार्च २०१६ ला त्या पुन्हा बजावल्या, की अशा प्रकरणात सक्तीची वसुली करू नका. तरीही यंत्रणेतून डिमांड निघतेच, कारण संगणक फक्त २६एएस शी आकडा जुळवतो. तुम्ही हरकत घेतली नाहीत तर पुढचं चक्र आपोआप फिरतं. म्हणून पगारपत्रकं, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ मिळाला असेल तर तो, असं सगळं जोडून २०५ चा स्पष्ट उल्लेख करून लेखी उत्तर द्या. कंपनी सोडताना पगारपत्रकं काढून घरी ठेवा. ती नंतर कोणी देत नाही.

डिमांड चुकीची वाटत असेल तर दोन वाटा आहेत. आकड्याची उघड चूक असेल तर कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज. मुद्द्यावरच वाद असेल तर ३० दिवसांत अपील. आयुक्तांकडच्या अपिलाचं शुल्क जास्तीत जास्त १,००० रुपये आहे, मात्र रिटर्नमध्ये तुम्हीच मान्य केलेला कर आधी भरलेला असावा लागतो. आणि अपील केलं म्हणजे वसुली थांबली, हा समज पहिला डोक्यातून काढा. स्थगिती वेगळी मागावी लागते. ३१ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे साधारणपणे वादग्रस्त रकमेच्या २० टक्के भरून स्थगिती मिळते. पण २० हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. त्याहून कमी रकमेवरही अधिकारी स्थगिती देऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात सांगितलंय. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१२ मध्ये यूटीआय म्युच्युअल फंडाच्या निकालात वसुलीला शिस्त घालून दिली: अपिलाची मुदत संपण्याआधी सक्तीची वसुली साधारणपणे नको, आणि बँक खात्याला हात घालण्याआधी करदात्याला वाजवी पूर्वसूचना हवी. अर्जात या निकालाचं नाव लिहा.

खातं गोठवण्याची नोटीस कलम २२६(३) ची असते. ती थेट बँकेला जाते, आणि धंदा असेल तर ज्यांच्याकडून तुमचे पैसे येणं आहे त्या गिऱ्हाइकांनाही जाऊ शकते. संयुक्त खात्यात सगळ्यांचा वाटा समान धरतात. खात्यातले पैसे आईच्या पेन्शनचे असतील तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ते लगेच, पुराव्यासकट कळवा.

अटकेची भीती घालणारे फोन येतात, त्यावर विश्वास ठेवू नका. वसुली अधिकाऱ्याला दिवाणी कैदेचा अधिकार आहे, पण आधी कारणे दाखवा नोटीस लागते, आणि ऐपत असून भरत नाही किंवा मालमत्ता लबाडीने दडवली असं काही दिसावं लागतं. स्त्रियांना या तरतुदीखाली अटक करताच येत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असावा लागतो आणि तो पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. आधी ते तपासा, मग पुढचं बोला.

वडील गेले आणि त्यांची थकबाकी मागे राहिली, तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःचा पगार त्यात घालायची गरज नाही.

विभागाकडूनही माझी अपेक्षा आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या बारीक डिमांड काढून टाकायचं जाहीर झालं. त्यातल्या काही तर १९६२ पासूनच्या होत्या. २०१०-११ पर्यंतच्या आकारणी वर्षांसाठी २५,००० रुपयांपर्यंत, पुढच्या पाच वर्षांसाठी १०,००० पर्यंत. हे चांगलं झालं, मनापासून सांगतो. आता टीडीएस न जुळल्यामुळे निघणाऱ्या डिमांडवरच मोठ्या अक्षरात छापा: तुमचा कर कापला गेला असेल तर कलम २०५ खाली हरकत घ्या, आणि ती कशी घ्यायची हे मराठीत, हिंदीत, प्रत्येकाच्या भाषेत खाली लिहा.