कान्हेरीच्या वरच्या लेण्यांकडे : एका वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या शांत जागांवरचा माझा लेख वाचून तुम्ही रविवारी आईवडिलांना घेऊन गेलात, आणि वाट्याला आली ती बसची रांग, स्पीकरवरची गाणी आणि हातातली पिशवी ओढणारी माकडं. ‘ओढ्याचं एवढं वर्णन केलंत, मग तो कुठे आहे ते का लपवलंत? जंगल काय तुमच्या एकट्याचं आहे?’ असं तुम्ही विचारलंय. तुमचा राग रास्त आहे. कुठल्या वारी, किती वाजता जावं हे मी लिहायला हवं होतं. वयस्कर माणसांना उन्हात ताटकळावं लागलं, याबद्दल मनापासून माफी मागतो.

ओढ्याची जागा मात्र आजही सांगणार नाही. मी तिथे परवानगी काढून, वनरक्षकाबरोबर गेलो होतो. डोहाकाठच्या ओल्या मातीत बिबट्याचे ठसे होते, इतके ताजे की कडेची माती अजून ढासळलेली नव्हती. उन्हाळ्यात पाणी आटत जातं तशी जनावरं अशा डोहांवरच येतात. जेमतेम १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल, भोवती मुंबई आणि ठाणं. डोहापाशी माणसांची ये-जा सुरू झाली, तर जनावरांनी पाणी प्यायला कुठे जायचं?

उद्यानातल्याच कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांबद्दल मात्र हवं तेवढं सांगतो. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, बघतात, दारातल्या दोन उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढा. इथे शंभरावर लेणी आहेत, आणि वर जावं तशी गर्दी विरळ होत जाते. बऱ्याच लेण्यांच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे. इथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. वरच्या कातळात वीतभर रुंदीचे पाट खोदून पावसाचं पाणी या टाक्यांत वळवलेलं आहे. श्रावणात एखाद्या ओसरीत पंधरा मिनिटं न बोलता बसा. ते पाणी आजही त्याच वाटेने टाक्यात उतरताना ऐकू येतं. मला उद्यानात याहून शांत जागा माहीत नाही, आणि तिच्यासाठी मळलेली वाट सोडावी लागत नाही.

आईवडिलांना इतकं चढणं झेपणार नसेल, तर ११ क्रमांकाचं ‘दरबार’ लेणं बघा. ते चैत्यगृहापासून जवळ आहे आणि आत दोन लांब, बुटके दगडी ओटे आहेत. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून त्यांना हिवाळ्यातच न्या. सोमवारी उद्यान बंद असतं. मंगळवार ते शुक्रवारपैकी एखादा दिवस धरा आणि दार उघडताच आत शिरा. कान्हेरी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

कारवीच्या झुडपांची फुलं दिसली नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. इथे २०१६ला फुलली, मग २०२४ला. आता २०३२ची वाट बघायची.

पक्ष्यांची आवड असेल तर थंडीत उद्यानातल्याच शिलोंढ्याच्या जंगलवाटेची परवानगी निसर्ग माहिती केंद्रात मागा. तिथे सोबत माहितगार घ्या. नाचण पक्षी शेपटीचा पंखा उघडून एका फांदीवरून दुसरीवर कसा गिरक्या घेत जातो, ते तो माहितगारच तुम्हाला थांबवून दाखवेल.

वार आणि वेळेची दुरुस्ती मूळ लेखात आज केली आहे.