हिरवा रंग का दिसत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमची मुलं हवा उपसलेल्या काचेच्या हंडीत, आत चुंबक असलेल्या गोलाभोवती छोटा अरोरा (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा प्रकाश) उमटवतात. त्यावर "खरा अरोरा हिरवा, तुमच्या हंडीतला जांभळा. हे कसलं संशोधन, ही तर प्रदर्शनातली रोषणाई! मुलांना त्यापेक्षा संगणकावर सिम्युलेशन करू द्या," असं तुम्ही लिहिलंत. रंगाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

अरोरातला हिरवा प्रकाश (५५७.७ नॅनोमीटर) ऑक्सिजनच्या सुट्या अणूचा. उत्तेजित झालेला हा अणू प्रकाश टाकायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला तर जवळजवळ दोन मिनिटं लागतात. शंभर किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की हिरव्यापुरती उसंत मिळते, लाल मात्र दोनशेच्या वरच. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेहून आकाश लाल दिसलं, ते क्षितिजाआडच्या अरोराचा हा उंचावरचा भागच तेवढा नजरेत आला म्हणून. आमचा रोटरी पंप काही पास्कलपर्यंतच दाब उतरवतो. तिथे अणू प्रकाश टाकण्याआधीच कशावर तरी आदळतो, निदान काचेवर तरी, आणि ऊर्जा गमावतो. मग उरतो झटकन उजळणारा नायट्रोजन. पण स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं उपकरण) लावा: ३९१.४ आणि ४२७.८ नॅनोमीटरच्या रेषा मिळतात, आणि नायट्रोजन आयनाच्या (विद्युतभारित रेणूच्या) याच रेषा खऱ्या अरोरातही असतात.

मुळात ही हंडी रंगासाठी बांधलेलाच नाही. प्रश्न आहे प्रकाश पडतो कुठे, याचा. नॉर्वेच्या क्रिस्तियान बर्कलंड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच विचारलं होतं: निर्वात पेटीत चुंबकीय गोल, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा. चुंबकीय रेषांच्या अनुषंगाने वाहणाऱ्या प्रवाहांची त्यांची कल्पना अनेक दशकं नाकारली गेली, उपग्रह वर गेल्यावरच ती सिद्ध झाली.

पंप सुरू केला की आधी सगळ्या हंडीत गुलाबी धुकं भरतं. दाब उतरतो तसं ते आक्रसतं आणि चुंबकाच्या ध्रुवांवर नव्हे, त्यांच्याभोवती प्रकाशाची गोल कडी उमटतात. आतला चुंबक तिरपा केला की कडी सरकतात; युरेनसचा चुंबकीय अक्ष असाच त्याच्या फिरण्याच्या अक्षापासून सुमारे ५९ अंशांनी कललेला आहे.

सिम्युलेशनला माझा विरोध नाही. पण गोल तापतो, साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे क्षीण होऊ लागतो आणि कड्याचा आकार बदलतो, हे आपण घातल्याशिवाय प्रोग्रॅम दाखवणार नाही. हंडीसमोर बसलेल्या मुलीला ते दिसतं आणि कारण शोधावंच लागतं. अर्थात हवेची घनता इथे प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे या कड्यांवरून अरोराची उंची कुणी काढू नये.

सध्या मुलं व्होल्टेज बदलून कड्यांचा व्यास मोजत आहेत. तुमच्याकडे सिम्युलेशन तयार असेल तर जरूर पाठवा, दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघू.