योगदान द्यायचंय, पण प्लग कुठाय?

ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरचा, खरा वैरी कोण, असं मला विचाराल तर मी कुठल्या बड्या कंपनीकडे बोट दाखवणार नाही. मी सभागृहाच्या भिंतीकडे दाखवीन. त्या भिंतीवर चालू स्थितीतली सॉकेटं दोनच असतात. एकात स्टँडचा पंखा, दुसऱ्यात माइकवाल्याचा ॲम्प्लिफायर, आणि माइकवाला जेवायला जातानासुद्धा ते सॉकेट मोकळं सोडत नाही. समोर दीडशे माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर लॅपटॉप, आणि व्यासपीठावरून वाक्य येतं, 'आज आपण सगळे मिळून वेब घडवणार आहोत!' घडवू की. बॅटरी ११ टक्के आहे.

हे झालं कॉन्ट्रिब्युटर डेचं, म्हणजे सगळ्यांनी जमून सॉफ्टवेअरला हातभार लावायच्या दिवसाचं वर्णन. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००३ साली निघालं, त्याचा पहिला वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा, २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरला, आणि ते लोण पुढे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूरपर्यंत आलं. आशियाचा मोठा वर्डकॅम्प २०२३ ला बँकॉक, २०२४ ला तैपेई, २०२५ ला मनिला असा फिरत २०२६ साठी मुंबईच्या वाट्याला आला. या मेळाव्यांत भाषणांचे दिवस वेगळे आणि कामाचा दिवस वेगळा. भाषणांच्या दिवशी फारसं काही लागत नाही. ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या, टी-शर्ट घ्यायचा (एम आणि एल साइझ चहाच्या आधी संपतात, फॉर्ममध्ये काहीही भरलेलं असो). कामाच्या दिवशी मात्र टेबलं मांडतात: कोअर (वर्डप्रेसचा मूळ कोड), टेस्ट, डॉक्युमेंटेशन, भाषांतर, फोटो, सपोर्ट. आपण एक टेबल धरायचं आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट ज्याच्यावर चालतात, त्या सॉफ्टवेअरात संध्याकाळपर्यंत स्वतःचा एक खिळा ठोकायचा. बेत उत्तम आहे. घोडं अडतं ते वायरीत.

वायरीचा हिशेब आयोजकांनी आधी कागदावर करावा, कारण सभागृहात तो अंधारात करावा लागतो. ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅट देतं. चार्जर ६५ वॅटचा धरला तर एका सॉकेटवर २१ चार्जर बसतात. गणित बरोबर आहे, पण गणितात तो गेमिंग लॅपटॉप धरलेला नाही, ज्याची चार्जरची वीट एकटीच २३० वॅटची असते. आणि केटरिंगवाल्याची पाणी उकळायची किटली तर मुळीच धरलेली नाही. ती १५०० वॅटची. केटरिंगवाले काका मागच्या कोपऱ्यात ती शांतपणे लावतात, एमसीबी पडतो, आणि कोअरचं अख्खं टेबल एका सुरात 'अरेऽ' म्हणतं. म्हणून एका सॉकेटवर १०-१२ चार्जर, त्याहून जास्त नकोत. किटलीला वेगळी लाइन हवी, शक्यतो एसीसाठीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून, आणि ती कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडूनच घ्यावी. बोर्डात बोर्ड, त्या बोर्डात तिसरा बोर्ड अशी वंशावळ वाढवू नये. लांब वायरीचं रीळ आणलं असेल तर ते पूर्ण उलगडावं. गुंडाळलेल्या रिळातून भरपूर करंट गेला की उष्णता आतच कोंडते आणि प्लास्टिक मऊ पडायला लागतं. वास आला की लोक आधी स्वतःच्या लॅपटॉपकडे संशयाने बघतात, रिळाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

वीज आली की वायफायची पाळी. फळ्यावर पासवर्ड लिहिलेला असतो, त्यात शून्य आहे की ओ आहे यावर पहिली चर्चासत्रं होतात. मग कळतं की पासवर्ड बरोबर आहे, पण पत्ता (राउटर प्रत्येक यंत्राला देतो तो आयपी क्रमांक) मिळत नाही. कॉलेजच्या राउटरची नेहमीची मांडणी २५४ पत्त्यांची असते, त्यातला एक राउटर स्वतःला ठेवतो, उरले २५३. माणसं दीडशे. पण प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि फोन म्हणजे ३००, शिवाय मनगटावरची घड्याळं. त्यात पत्त्याची मुदत २४ तासांची असली तर नाश्ता करून पसार झालेल्या पाहुण्याचा फोनही संध्याकाळपर्यंत आपला पत्ता अडवून बसतो. तुमच्या विंडोजला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावं की राउटरने आपल्याला काहीच दिलेलं नाही, लॅपटॉपने स्वतःच स्वतःची समजूत घातली आहे. यावर उपाय सोपा आहे: मुदत एक तासावर आणायची आणि जाळं १०२२ पत्त्यांचं करायचं. राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड ज्या सरांकडे असतो, ते त्या दिवशी गावाला गेलेले असतात, ही बाब वेगळी.

मग लोक वैतागून फोनचा हॉटस्पॉट लावतात आणि उरलंसुरलं वायफायही मारतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात चाळीस हॉटस्पॉट घुसले की कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. शिवाय आदल्या दिवशी वायफाय तपासलेलं असतं ते रिकाम्या हॉलमध्ये. माणूस हा बहुतांशी पाणी असल्यामुळे लहरी शोषतो, आणि दीडशे माणसं म्हणजे वायफायच्या दृष्टीने बऱ्यापैकी मोठं तळं झालं. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी डबी, डोक्यांच्या वर, उंच लावायचा आणि लोकांना ५ गिगाहर्ट्झवर ढकलायचं, एवढं केलं तरी निम्मी बोंब थांबते.

आता जोडणी झाली, असं समजू. कोअरच्या टेबलावरचा स्वयंसेवक प्रेमाने सांगतो, 'फक्त पाच कमांड आहेत.' खरंच पाच आहेत. रेपॉझिटरी (कोडचं कोठार) क्लोन करा, म्हणजे उतरवून घ्या, एनपीएम इन्स्टॉल, मग रन बिल्ड-डेव्ह, रन एन्व्ह-स्टार्ट आणि रन एन्व्ह-इन्स्टॉल. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८८८९ (आपल्याच लॅपटॉपवरचा पत्ता) उघडलं की समोर ताजं वर्डप्रेस. नाव ॲडमिन, पासवर्ड पासवर्ड. घरी रात्रीच्या नेटवर हे चहा होईस्तोवर संपतं. इथे मात्र टेबलावरची तीस माणसं एकाच मिनिटाला तेच ओढायला बसलेली असतात.

आणि सगळ्यात मजेशीर खोडा इथेच बसतो. वरच्या कमांड डॉकर नावाचं साधन वापरतात, आणि ते सॉफ्टवेअरचे तयार डबे, म्हणजे इमेज, डॉकर हब नावाच्या ऑनलाइन कोठारातून ओढतं. बाहेरच्या जगाला मात्र आपलं अख्खं सभागृह एकाच आयपी पत्त्यावरून दिसतं. २०२० च्या नोव्हेंबरपासून डॉकर हबने, लॉगिन न करता इमेज ओढणाऱ्यांना ६ तासांत १०० अशी मर्यादा घातली, आणि ती मोजतात पत्त्यावरून. या मांडणीला माणशी चार इमेज धरल्या, तर पंचवीस माणसांत कोटा खलास. म्हणजे चाळीत नळ एकच आणि पहाटे उठलेल्यांनी पिंपं भरून ठेवलेली. सव्विसाव्याला 'टू मेनी रिक्वेस्ट्स' एवढंच मिळतं. तो बिचारा डॉकर काढून पुन्हा टाकतो, लॅपटॉप रीस्टार्ट करतो, शेजाऱ्याला विचारतो 'तुझं चालतंय?' शेजाऱ्याचं चालत असतं, कारण शेजारी नऊला आला होता. इलाज इतका फालतू आहे की सांगायला लाज वाटावी: डॉकर हबवर फुकट खातं काढा आणि आधी लॉगिन करा, मग मोजदाद तुमच्या नावाने वेगळी होते. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या एपीआयचंही (प्रोग्रॅमसाठीच्या दाराचंही) हेच. ओळख न देता तासाला ६० विनंत्या, तीस माणसांना दोन-दोन येतात. कंपोजर (कोडचे तयार भाग आणणारं साधन) मधेच थांबून टोकन (पासवर्डऐवजीची किल्ली) मागतो तो उद्धटपणाने नव्हे, त्याचीही रसद संपलेली असते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कोअर टेबलाच्या प्रमुखाला भाषण येत नसलं तरी चालेल, पण त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह हवा. आदल्या रात्री डॉकर सेव्हने सगळ्या इमेज टार फाइलीत बांधून घ्यायच्या आणि टेबलावर एकेकाने डॉकर लोड करायचं. यातही दोन खड्डे आहेत. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तो घेतच नाही. एक्सफॅट करून घ्यावा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. नव्या मॅकवर ओढलेल्या इमेज आर्म प्रोसेसरच्या असतात, त्या इंटेलच्या लॅपटॉपवर लोड होतात पण धावतीलच असं नाही, आणि न धावल्या तर चूक दाखवतात ती अशा भाषेत की माणसाने स्वतःच्या नशिबाला दोष द्यावा. दोन्ही प्रकारच्या इमेज वेगळ्या फोल्डरात घ्या आणि फोल्डरला नावं सरळ द्या. 'फायनल' आणि 'फायनल-२' नकोत.

घरी करून यायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि सगळ्या कंटाळवाण्या आहेत. विंडोजवर डॉकरला व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात दुसरा चालवायची सोय) लागतं, ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, बंद असू शकतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिनचे हक्क नसतात आणि रविवारी आयटीवाले फोन उचलत नाहीत. गिटहबने २०२१ च्या ऑगस्टपासून गिटसाठी (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनासाठी) नुसता पासवर्ड घेणं बंद केलंय, तेव्हा टोकन काढून ठेवा. गिटहबला जोडायला एसएसएच ही पद्धत वापरत असाल तर कॉलेजच्या फायरवॉलने २२ नंबरचं पोर्ट बंद केलेलं असू शकतं. मग एचटीटीपीएसने जा. विंडोजवर ओळींच्या शेवटाची सेटिंग तपासा, नाहीतर एका स्वल्पविरामाची दुरुस्ती करायला जाल आणि गिट म्हणेल की तुम्ही अख्खी फाइल बदलली.

एवढं सगळं ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे. ते ब्राउझरच्या टॅबमध्येच वर्डप्रेस चालवतं, डॉकर नको, डेटाबेसचा सर्व्हर नको. टेस्टच्या टेबलावर एखादा पुल रिक्वेस्ट (कुणीतरी सुचवलेला कोडातला बदल) चालतो की नाही हे बघायला तेवढं पुरतं. जुनी खोडं या सोयीकडे जरा तुच्छतेने बघतात, पण दुपारी दोनला त्यांची प्रोग्रेस बार ६३ टक्क्यांवर असते आणि प्लेग्राउंडवालीने तीन तिकिटांवर (नोंदवलेल्या तक्रारींवर) निकाल लिहून जेवणही उरकलेलं असतं.

भाषांतराचं टेबल सगळ्यात सुखी. ब्राउझर पुरतो, फोनच्या डेटावर चालतं, आणि मराठी टायपिंग येणाऱ्याला लगेच सुरुवात करता येते. तिथे फक्त वाक्यातलं टक्का-एस सारखं चिन्ह आहे तसं ठेवायचं, ते 'स्वच्छ' करायचं नाही. त्या जागी प्रोग्रॅम नंतर नाव किंवा आकडा घालतो. आणि केलेलं काम संपादक मंजूर करेपर्यंत रांगेत थांबतं, तेव्हा दर पाच मिनिटांनी पान ताजं करून बघण्यात अर्थ नसतो.

भाषण द्यायचंच असेल तर यूएसबी-सीच्या भोकावर विश्वास ठेवू नका. दिसायला सगळी भोकं सारखी, पण प्रत्येकातून चित्र बाहेर पडतंच असं नाही. आदल्या दिवशी आपल्याच ॲडॉप्टरने टीव्हीला जोडून बघा. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांतला कोड प्रोजेक्टरवर फक्त लिहिणाऱ्याला दिसतो. डेमोचा व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून ठेवा. प्रश्नोत्तरांत 'प्रश्न नाहीये, पण थोडं सांगायचं होतं' असं म्हणत कुणी उठलं तर सूत्रधाराने माइक स्वतःच्या हातात धरावा, त्याच्या हातात देऊ नये. गळ्यातलं ओळखपत्र एका दोरीवर असेल तर ते गरगर फिरून कायम पाठच दाखवतं. नाव दोन्ही बाजूंनी छापलं की माणसं एकमेकांना 'अरे मित्रा' म्हणायची थांबतात.

संध्याकाळी चार वाजता, इतकं सगळं पार पडल्यावर, खरोखरच कुणीतरी पॅच, म्हणजे कोडाची दुरुस्ती, लावतं. ट्रॅकवर (वर्डप्रेसच्या तक्रारवहीवर) 'गुड फर्स्ट बग' लिहिलेलं तिकीट, तीन ओळींचा बदल, टेबलाभोवती टाळ्या, फोटो. आयुष्यात पहिल्यांदाच हे करणाऱ्याला वाटतं की झालं, उद्याच्या आवृत्तीत आपण आहोत. तर तसं नसतं. आधी कुणीतरी तपासतं, कुणीतरी 'नीड्स टेस्टिंग' लावतं, कमिटर मंडळी (बदल मूळ कोडात घालायचा हक्क असलेली) वेगळ्याच गडबडीत असतात. काही आठवड्यांनी ई-मेल येतो: 'नीड्स रिफ्रेश'. दरम्यान दुसऱ्या कुणी त्याच फाइलीला हात लावलेला असतो आणि आपला पॅच आता बसत नाही. फेच करा, ट्रंकवर (ताज्या मूळ कोडावर) रीबेज करा, म्हणजे बदल नव्याने बसवा, टेस्ट पुन्हा चालवा, पुन्हा पाठवा, जमलं तर त्याच रात्री, कारण कमिटरचं लक्ष तिकिटावर आहे तोवरच ते पुढे सरकतं. तीन ओळींचं काम आहे, घरचं वायफाय आहे, प्लगही मोकळा आहे. डॉकर डेस्कटॉप तेवढं म्हणत असतं की नवी आवृत्ती आली आहे, आधी अपडेट करा.