बेरीजच करायची होती बे!

तीन पाळ्यांची बेरीज. एवढंच काम होतं बे! 24 माग, प्रत्येक पाळीत किती टॉवेल निघाले त्याचे तीन रकाने, चौथ्यात एकूण. आमचा जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मिस्त्री, हे बिडीबंडलाच्या कागदावर करतो. मी आरमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या त्या संगणकी भाषेत, करायला बसलो आणि दुपार गेली. तीही एमआयडीसीतली एप्रिलची दुपार, पत्र्याची केबिन, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय.

नवा रकाना बनवणारं म्युटेट लावलं, आत बेरजेचं सम, सममध्ये तिन्ही रकाने. उत्तर? चोवीसच्या चोवीस ओळींत एनए, म्हणजे आकडाच नाही! का, तर सात नंबरच्या मागाचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला होता म्हणून त्याची तिसरी पाळी मी रिकामी सोडलेली. एका मागाचा बीम संपला तर अख्खा कारखाना बंद का?

मग एनए-आरएम ट्रू टाकलं, म्हणजे रिकाम्या जागा सोडून बेरीज कर. आता प्रत्येक मागासमोर 4212. घाईत प्रिंट काढून मालकांपुढे ठेवली आणि अब्रू घालवून घेतली. "एका मागावर दिवसाला चार हजार टॉवेल? मग बाकीचे तेवीस भंगारात घालू काय रे?" जॉबर शेजारी उभा राहून फिदीफिदी हसतोय.

आता कारण कळलंय. म्युटेट आतल्या फंक्शनच्या हातात अख्खा रकाना देतं. अधिकचं चिन्ह प्रत्येक ओळीतले आकडे त्याच ओळीत मिळवतं. सम मात्र तिन्ही रकाने एका ढिगात ओततं, त्याचा एकच आकडा करतं, आणि तोच सगळ्या ओळींत उतरतो. नियम आहे, मान्य. पण असलं करताना एक शब्द तरी बोल की! एक स्वल्पविराम राहिला तर लाल अक्षरांत बोंबलतोस, आणि इथे मूग गिळून बसतोस?

जाणकार म्हणाले रोवाइज लाव, म्हणजे एकेक ओळ वेगळी धरून हिशोब होईल; लावलं. पहिला माग 175. बरोबर! हुरूप येऊन पुढचा रकाना केला: एकूण उत्पादनात प्रत्येक मागाचा वाटा किती टक्के. सगळ्यांचा 100! चोवीस मागांचे चोवीसशे टक्के. सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा झाली तरी गड्ड्यावरचे पाळणे लगेच उठत नाहीत, तसं हे रोवाइज. अनग्रुप म्हणून हाकलल्याशिवाय प्रत्येक ओळ स्वतःलाच अख्खा कारखाना समजते.

आणि हे सगळं जुळल्यावर बाणाचं चिन्ह (<-) काढून निकाल एका नावात साठवायचा राहिला. स्क्रीनवर रकाना दिसला, पुढच्या ओळीत मागितला तर म्हणे असा रकानाच नाही. अरे, आत्ता दाखवलास ना!

डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात जॉबर दारात. हातात बिडीबंडलाचा नवा कागद.

"साहेब, कालचं झालं का? आजचे आकडे आणलेत."