असील म्हणजे गोव्याची गावठी नव्हे
पेडण्यापासून काणकोणापर्यंत सध्या एक संदेश फिरतोय : ‘असील हीच गोव्याची मूळ गावठी कोंबडी. रोज अंडं देते. ब्रॉयलरशी तिचा काडीचाही संबंध नाही. कोंबडा मात्र माणसावरही झडप घालतो.’ वर फोटो. तोही असीलचा नाही! भुवया पुढे आलेला, काठीसारख्या तंगड्यांचा, अडीच फूट उंच पक्षी म्हणजे मलय, कोंबडीची वेगळीच जात.

असीलचं माहेर आंध्र, ओडिशा, बस्तरकडचं. नाव अरबी, अर्थ अस्सल. बहुधा त्या अर्थानेच घोटाळा केला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाय बांधून ठेवलेला गावठी कोंबडा पाहा : दातेरी, डुलणारा तुरा, गळ्याखाली लोंबत्या लाल पाकळ्या. असीलचा तुरा बुटका, तीन ओळींचा, डोक्याला चिकटलेला. पाकळ्या जवळजवळ नाहीतच. पिसं इतकी तोकडी की छातीच्या हाडावर लाल कातडी उघडी पडते. चार-पाच किलोंचा गडी, हातात घेतला तर नुसता घट्ट स्नायू.

रोज अंडं? वर्षाला शंभरी गाठली तरी नशीब. डिचोलीला आमच्या मावशीकडे एक होती. डझनभर अंडी घातली की खुडूक. मावशी मग गावठीचीच अंडी तिच्याखाली सरकवायची आणि ती इमानाने उबवायची. तिची कमाई ती तेवढीच.

ब्रॉयलरचं मात्र ऐकाच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये झुंजीचा जबर कोंबडा हवा म्हणून लोकांनी असीलचा संकर केला. झुंजीला तो कुचकामी निघाला, पण छाती मांसाने भरली. हीच कॉर्निश जात. पुढे अमेरिकेत तिची गाठ पांढऱ्या प्लिमथ रॉक जातीशी पडली आणि त्यातून आजचा ब्रॉयलर आला. काडीचा नव्हे, रक्ताचा संबंध आहे. म्हणजे शागोतीत ब्रॉयलर घालणाऱ्याला नाकं मुरडणाऱ्यांनी जरा जपून.

आणि झडप? दुसरा नर दिसला तर हो; पिल्लंसुद्धा कोवळ्या वयात एकमेकांची डोकी सोलतात. माणसाच्या हातात मात्र असील सहसा गरीब गाय. दोन नर एका खुराड्यात कोंडू नयेत, एवढंच. मुद्दाम झुंजवणं तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे; 1996 मध्ये उच्च न्यायालयाने धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, बंद केले तेव्हा आपल्याकडे हे सगळ्यांनीच ऐकलंय.