आई जिती आसा!

नोव्हेंबरात कोकण सुरेख असतं. पाऊस सरलेला, भात झोडून घरात आलेलं, फराळाचे डबे तळाला लागलेले. नेमक्या याच महिन्यात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. वडील प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. म्हणून दरवर्षी मी तिला रिक्षात घालतो आणि वाडीतून वेंगुर्ल्याला बँकेत नेतो.

एरवी काम दोन मिनिटांचं. कोषागाराकडून बँकेत यादी येते, आपल्या नावापुढे सही करायची, सुटलो. यंदा काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "यादी आली नाही."

"कधी येईल?"

"आली की येईल."

(या उत्तरात चूक काढून दाखवा.)

"मग आम्ही काय करायचं?"

"डिजिटल करा. पाच नंबर."

पाच नंबरच्या खिडकीत 'लिंक नाही' अशी पाटी होती. चांगली छापलेली, वर लॅमिनेशन केलेली, टांगायला दोन्ही कोपऱ्यांत भोकं पाडून नायलॉनची दोरी ओवलेली. एवढी निगुतीने केलेली दुसरी वस्तू त्या शाखेत नव्हती. पैसे भरायच्या स्लिपा संपल्या होत्या, पेनाची नुसती दोरीच उरली होती, आणि पासबुक छापायच्या मशीनवर कोणीतरी हेल्मेट ठेवलं होतं.

लिंक आली तेव्हा बाकावरच्या अर्ध्या मंडळींच्या डुलक्या लागलेल्या. साहेब बिहारकडचे, नवीनच बदलून आलेले, स्वभावाने गरीब. त्यांनी आईचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीन लाल झालं. तर्जनी ठेवली, लाल. दहाही बोटं झाली.

"माताजी, हाथ धोके आइए."

आई धुऊन आली. पुन्हा लाल. साहेबांनी बिचाऱ्यांनी स्वतःच्या रुमालाने तिची बोटं पुसली, तरी लाल. आता आईने उभा जन्म काजू फोडले. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बायका हाताला राख लावून बसतात, तरी व्हायचं ते होतंच. तिच्या बोटांवर रेघ म्हणून शिल्लक नाही. काजूच्या वेंगुर्ल्यात हे मशीनला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

"फिंगर मॅच नहीं हो रहा," साहेब मला म्हणाले. "सिस्टम में माताजी नहीं हैं."

माताजी समोर चष्मा पुसत बसल्या होत्या. "मी जिती आसंय तां माका ठावक आसा," ती म्हणाली, "ह्येंका आणि कित्याक सांगूचा?"

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक तरतरीत मुलगी आली. या शाखेत आपणहून गिऱ्हाइकाकडे चालत येणारं एवढं एकच माणूस. "मावशी, वय किती? अडुसष्ट? मग बसतंय! वर्षाला फक्त 20 रुपये, अपघाती विमा, दोन लाख!"

"दोन लाख माका मेळतले?"

"नाही, म्हणजे... तुमच्या वारसाला."

आईने पाच नंबरकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. "मेल्यार दोन लाख देतास. आणि जितेपणी माझेच पैसे देवक रडतास?"

मुलगी फॉर्म घेऊन पुढच्या बाकाकडे वळली.

मी तक्रार वही मागितली. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई ओरोसला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि 30 दिवस उत्तराची वाट बघायची. वाट बघायची सवय बँक आपल्याला आधीपासूनच लावत असते, ती इथे उपयोगी पडते.

मग एका पोराने सांगितलं, 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला निघतो. आमच्या वाडीत रेंज नाही, म्हणून संध्याकाळी आईला घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर गेलो. आधी दाखला काढून देणारा म्हणून माझा चेहरा, मग तिचा. भन्नाट वारा, आई एका हाताने पदर धरून उभी. फोनने पापण्या मिटायला सांगितलं.

"काय म्हणता तो?"

"डोळे मिचकाव म्हणतो."

"ह्या वयात माका डोळो मारूक सांगता?"

अखेर वाऱ्याने डोळ्यात धूळ गेली, पापण्या आपोआप मिटल्या आणि दाखला निघाला. दाखल्याचा आकडा लिहून घेतला, घरी येऊन चहा केला.

नव्या वर्षात पेन्शन जमा झाली नाही. पुन्हा रिक्षा, पुन्हा त्याच बाई.

"यादीत सही नाही तुमची."

"यादी आली?"

"कधीच! तुम्ही येऊन गेलात ना, त्याच दिवशी दुपारी."

"पण आम्ही मोबाइलवर दाखला काढलाय."

"ते ऑनलाइनचं आमच्याकडे दिसत नाही."

मी पुढे काही बोलणार तोच आईने माझा हात दाबला आणि सही केली. बाईंनी ती जुन्या कार्डाशी ताडून बघितली. "जुळत नाही. 'शि'ची वेलांटी बघा. असं करा, अंगठाच द्या."

शाईचा पॅड आला. आईने अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. उमटला तो एक सपाट काळा डाग, आत रेघ एकही नाही. बाईंनी कागद उजेडाकडे धरून नीट निरखला.

"हां," त्या म्हणाल्या, "हा बरोबर आहे."